पहिलं रोप हिराबायच्या हातचं

नोकरीत होतो तोवर पनवेलच्या आमच्या चाळीत मी 'पाणी खात्यात' होतो. हे पद मला माझ्या बायकोनं दिलेलं. मुलीसाठी स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्यांनाही तिनं तेच सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या कामात पाणी होतंच, फक्त माझ्याकडे येईपर्यंत ते कुठून कुठून फिरून आलेलं असायचं.

आपट्याच्या अलीकडे एका कारखान्याची वसाहत होती. तिथल्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचा मी पर्यवेक्षक. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लागलो आणि पुढची बरीच वर्षं पनवेल स्टँडवरून सकाळची एसटी पकडून तिथं जात राहिलो. कारखान्याचं आणि त्याच्या शेजारच्या गावाचं नाव देत नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील.

मैलापाणी शुद्ध करतात म्हणजे नेमकं काय करतात, असं खूप जणांनी विचारलं, पण उत्तर पुरं होईपर्यंत थांबलेले थोडेच. आता तुम्ही अंक हातात घेतलाच आहे तर सांगून टाकतो. वसाहतीतल्या संडास, मोऱ्या आणि स्वयंपाकघरांचं पाणी एका नळातून आमच्याकडे यायचं. आधी लोखंडी जाळी, तिथं चिंध्या, प्लास्टिक, सालपटं अडकायची. मग एक हौद, तिथं वाळू बसायची. पुढं एकापाठोपाठ तीन तलाव. पहिल्यात घाण तळाशी बसून कुजते. दुसऱ्यात शेवाळ वाढतं, ते उन्हावर पाण्यात प्राणवायू सोडतं आणि त्या प्राणवायूवर जगणारे जंतू उरलीसुरली घाण खाऊन टाकतात. तिसऱ्यात पाणी नुसतं निवळत पडतं, आणि तिथून बाहेर पडून ओढ्याला लागतं. थोडक्यात, काम ऊन आणि शेवाळ करायचं, पगार मी घ्यायचो. पण ऊन आणि शेवाळालाही कुणीतरी सांभाळावं लागतं. नीट चाललेल्या तलावाला वास येत नाही. माझ्या तिसऱ्या तलावावर बगळे बसायचे आणि साहेबलोक आले की मी त्यांना मुद्दाम तिकडून न्यायचो.

जाळीवर काय यायचं त्याचा नेम नसे. एकदा वसाहतीत मुलाकडे राहायला आलेले एक निवृत्त सुभेदार सकाळी सकाळी येऊन उभे राहिले. त्यांची कवळी संडासात पडली होती. जाळी उपसताना ती सापडली. मी म्हटलं, "उकळत्या पाण्यात घाला, फिनेलनं धुवा, नाहीतर दुसरी करून घ्या." त्यांनी माझ्याच नळाखाली ती धुतली आणि माझ्यासमोर तोंडात बसवली. पुढं दर दिवाळीला त्यांचे पेढे यायचे. ते पेढे मी सगळ्यांना वाटायचो, स्वतः मात्र कधी खाऊ शकलो नाही.

असे किस्से सांगायला बसलो तर अंक भरेल. पण ज्या गोष्टीची मला अजून टोचणी आहे ती वेगळी आहे, आणि तिच्यात हसण्यासारखं काही नाही.

तलावांच्या खाली ओढ्याच्या दोन्ही बाजूंना गाव होतं. पावसाळ्यात भात, आणि भात कापलं की जमिनी उघड्या, कारण शिमग्याच्या आधीच ओढा आटायचा. आमचे तलाव झाले तेव्हा गावानं त्यांना जे नाव ठेवलं ते इथं छापण्यासारखं नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्याला कुणी शिवत नव्हतं. शिवली ती हिराबाय.

हिराबाय भोईर म्हणजे त्या गावातली रोपं करणारी बाई. नवरा लवकर गेलेला, मुलगी जवळच्या गावात दिलेली. घरामागं तिचे वाफे होते. वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपं ती करायची आणि आसपासच्या गावांतली माणसं ती घेऊन जायची. त्यातही तिच्या हाताचा लौकिक होता. त्या भागात रीतच पडली होती, की कुणाच्याही शेतात लावणी सुरू व्हायची असली की आधी हिराबायला बोलवायचं. ती शेताच्या कोपऱ्यात पहिलं रोप लावायची, तांब्यानं त्याच्या मुळाशी पाणी घालायची, विधवा असूनही तिची ओटी भरली जायची, आणि मगच बाकीच्यांनी वाकायचं. तिच्या हातचं रोप जगतं आणि त्याच्यामागून सगळं शेत जगतं, असं लोक मानायचे. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नव्हे, पण तिचे हात बघितले तर विश्वास ठेवावासा वाटे. मुळाला धक्का न लावता रोप उचलायचं कसब त्या हातांत होतं.

एक दिवस ती तलावाच्या बांधावर आली आणि मला म्हणाली, "भाऊ, ह्या पान्यान काय वाईट हाय का? झाराला, रोपाला चालंल?"

मी तिला खरं ते सांगितलं. कच्ची खायची पालेभाजी, कोथिंबीर यांना घालू नको, वांगी-टोमॅटोला मुळाशी घाल, पाण्यात हात घातलास तर साबणानं धू. माझ्याकडच्या सगळ्या तपासण्या त्या पाण्यानं पास केल्या होत्या. तिनं वाफे त्या पाण्यावर केले. तिचं बघून मग गावानं नाक मुरडणं सोडलं. दोन-चार वर्षांत ओढ्याच्या दोन्ही काठांना उन्हाळी भाजी उभी राहिली आणि पनवेलच्या बाजारात त्या गावची वांगी नाव काढून मागितली जाऊ लागली. खरं सांगतो, मला फार अभिमान वाटायचा. घरी भाजी आणली की मी बायकोला विचारायचो, "चव कशी आहे?" ती माझ्याकडे बघायची आणि दोनदा धुवायची.

मग एका उन्हाळ्यात झाडं मरायला लागली.

मरायची तऱ्हाही विचित्र. पान पिवळं नाही, किडीचं भोक नाही. फुलावर आलेलं हिरवंगार झाड दुपारी मान टाकायचं, संध्याकाळी जरा सावरायचं, दुसऱ्या दुपारी पुन्हा टाकायचं आणि मग सावरायचंच नाही. हिरवं असतानाच मरायचं. लोकांनी आधी उन्हाला दोष दिला, मग औषधं फवारली. मेलेली झाडं उपटून ओढ्यात टाकली. घरातलं वाईट, निर्माल्य, फुटलेलं, विटलेलं सगळं वाहत्या पाण्यात सोडायची सवय, त्यातलाच तो प्रकार. ओढा ते घेऊन खालच्या शेतांकडे जायचा.

सरपंच पोशा पाटील मेलेल्या झाडांची मोळी घेऊन माझ्याकडे आले. माणूस समंजस, मोजकं बोलणारा. त्यांनी मोळी माझ्या टेबलावर ठेवली आणि तुमच्या पाण्यात कारखान्याचं काही शिरलं का, एवढंच विचारलं. मी पुन्हा सगळ्या तपासण्या करून घेतल्या. पाणी नेहमीसारखं होतं. पण माझं मन खात होतं, कारण आमच्या तपासण्या माणसाला काय होईल ते बघायच्या. झाडाला काय होईल हे त्यात कुठंच नव्हतं.

माझ्या ओळखीनं शेती महाविद्यालयातल्या एक बाई आल्या. वनस्पतींच्या रोगांचा त्यांचा अभ्यास. त्या शेतात उकिडव्या बसल्या, एक खोड कापलं, आत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मर रोग. जिवाणू आहे. मुळातून शिरतो आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवून टाकतो. मुळाशी पाणी असून झाड तहानेनं मरतं." जाताना त्यांनी ओढ्याचं पाणी, आमच्या तलावांचं पाणी आणि ओढ्याकाठच्या कामोणीची मुळं बरोबर नेली. कामोणी म्हणजे ते काळ्या बारीक फळांचं तण, वांग्याच्याच कुळातलं.

त्यांचा निकाल यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात गावानं आपला निकाल लावला.

झालं असं, की पोशा पाटलांच्या भावाचं शेत वाचलं होतं. त्या वर्षी नेमकी त्याच्या लावणीच्या दिवशी हिराबाय तापानं पडली होती, म्हणून त्यानं रोपं पनवेलहून आणली आणि पहिलं रोप बायकोच्या हातानं लावलं. बाकी जिथं जिथं हिराबायचा हात लागला होता तिथं तिथं मर होती. त्या भावाचं शेत ओढ्यापासून दूर होतं आणि तो विहिरीचं पाणी द्यायचा, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण त्याकडे कुणी बघितलं नाही. वर्षानुवर्षं ज्या हाताकडे बघून लावणी केली, वाईट घडल्यावरही नजर त्याच हाताकडे गेली. हिराबायचा हात फिरला, असं बायका नळावर बोलू लागल्या. तिच्या वाफ्यांवर गिऱ्हाईक येईना. मुलीला मुलगा झाला, त्याच्या बारशाला नातवाला पाळण्यात घालायला व्याह्यांनी तिला पुढं बोलावलं नाही. ती दाराशी बसून राहिली आणि जेवून परत आली.

हे तिनंच मला सांगितलं. रडली नाही. म्हणाली, "भाऊ, तुमची ती बाय शिकलेली हाय. तिला सांगा, सगल्यांच्या म्होरं दाखव म्हनावं, झार कशानं मरतंय ता."

निकाल आला होता. रोग पाण्यात होता. ओढ्यात होता, कामोणीच्या मुळांत होता, माझ्या तिसऱ्या तलावाच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात होता, आणि वसाहतीतून येणाऱ्या कच्च्या मैल्यातही होता. बाईंनी समजावलं की पावसाळ्यात भाताचं पाणी महिनोन्‌महिने शेतात उभं राहिलं की जमिनीतला रोग जवळजवळ मरतो. म्हणजे या उन्हाळ्यात तो नव्यानं आला होता, आणि आणणारं पाणी आमचं. ज्या पाण्यावर मी बगळे दाखवत फिरत होतो त्या पाण्यानं त्यांची शेतं मारली होती.

शाळेच्या पडवीत गाव जमलं. बाईंनी काचेचा ग्लास मागवला, त्यात विहिरीचं पाणी भरलं. त्यांची पद्धत साधी होती. मरगळलेल्या झाडाचं खोड कापायचं आणि तुकडा पाण्यात टांगून धरायचा. रोग असेल तर कापल्या जागेतून दुधासारखा धागा पाण्यात उतरतो. हेच ते जिवाणू. त्यांनी विचारलं, कुणाच्या शेतातलं झाड घेऊ?

कुणी काही बोलायच्या आत हिराबाय पुढं आली. "माज्या वाफ्यातला घ्या," ती म्हणाली. तिचं नाव ज्याच्यावरून गेलं ते तिच्याच रोपानं परत यावं, असं तिला वाटत होतं. मलाही तेव्हा ते बरोबर वाटलं.

बाईंनी तिचं रोप कापलं, टांगलं. सगळे वाकून बघत होते. थोड्या वेळानं खोडातून पांढरा धागा सुटला आणि हळूहळू तळाकडे उतरला. मग दुसरा. मागच्या बाया पदर तोंडाला लावून मागं सरल्या. बाई सांगत होत्या की हा रोग पाण्यातून मुळात शिरतो, ओढ्याच्या पाण्यात तो आम्हाला सापडलाय, फक्त तिथं तो डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेत वाढवून बघावा लागतो. त्यांचं सगळं बरोबर होतं. पण लोक ऐकत नव्हते, बघत होते. त्यांच्यासमोर ग्लासातलं पाणी नितळ होतं आणि हिराबायच्या हातच्या रोपातून पू गळत होता.

मी हिराबायकडे बघितलं. ती ग्लासाकडे बघत नव्हती. आपल्या पंज्यांकडे बघत होती.

सभा संपल्यावर पोशा पाटील मला बाजूला घेऊन गेले. मी त्यांना म्हटलं, पाटील, तुम्हाला तरी कळलंय ना? ते म्हणाले, "भाऊ, तुमचा मना पटतंय. पन पानी वाईट म्हनला तं सगला गाव बसला. उन्हाल्याला दुसरा पानी हाय कुठं? हात वाईट म्हनला तं एक बाय बसते."

त्यांचा मला राग आला, आणि अजून येतो.

मी वसाहतीच्या व्यवस्थापकांकडे गेलो. बाईंचा अहवाल पुढं ठेवला आणि सांगितलं, गावाला आपण लेखी कळवायला हवं. त्यांनी तो चाळला आणि विचारलं, "कायद्यानं ज्या तपासण्या सांगितल्यात त्यात वांग्याचा रोग आहे का?" नव्हता. "मग आपलं पाणी शुद्ध आहे." वर त्यांनी मला हेही समजावलं की असं काही मी बाहेर बोललो तर माझी बदली करणं त्यांना भाग पडेल. माझी मुलगी लग्नाची होती. मी बाहेर बोललो नाही असं नाही, गावात भेटेल त्याला सांगत होतो. पण माझ्या तोंडच्या सांगण्याला कोण विचारतो?

मग उरलं माझ्या हातातलं काम. कच्च्या मैल्यात रोग येतो तर तो वसाहतीत कुठून शिरतो, हे शोधायचं होतं. जाळीवर रोज येणाऱ्या सालपटांनी रस्ता दाखवला. वसाहतीच्या कँटीनमध्ये त्या वर्षापासून घाटावरून बटाट्याची पोती येत होती. कँटीनचा मुख्य आचारी हुसेनचाचा, मूळचा उरणचा, जुना माणूस. मी बाईंनी शिकवल्याप्रमाणे त्याच्या पोत्यातला एक बटाटा मधोमध कापला. आत सालीच्या जरा खाली तपकिरी कडं होतं, आणि दाबल्यावर त्यातून पांढरा थेंब आला. रोग तोच होता.

चाचाच्या तोंडाचं पाणी पळालं. असला माल वास मारतो म्हणून तो मुद्दाम जास्त पाण्यात घासून घासून धुवायचा, आणि ते सगळं पाणी मोरीतून माझ्याकडे यायचं. "या खुदा," तो म्हणाला, "मी तर सफाई करत होतो, साहेब." मी म्हटलं, चाचा, सफाई मीही करत होतो.

त्या दिवसापासून त्यानं सडका माल परत पाठवायला सुरुवात केली. सालपटं मोरीत जाणं बंद झालं. बटाटे धुतलेलं पाणी आणि सालपटं मागच्या बाजूला खड्ड्यात जाऊ लागली, वर चुना आणि माती. कागदावर कुणाची परवानगी आम्ही घेतली नाही. पावसाळ्यानंतर मी माझ्या दोन माणसांना घेऊन ओढ्याकाठची कामोणी मुळासकट उपटून काढली आणि जाळली. गाववाल्यांना हात जोडून सांगितलं, मेलेलं झाड ओढ्यात टाकू नका, जाळा. जाळण्यात त्यांचं काही जात नव्हतं, म्हणून तेवढं त्यांनी ऐकलं.

पुढच्या उन्हाळ्यात मर तुरळक राहिली. एखाद्या शेतात पाच-दहा झाडं, बस. काठाकाठानं वांगी लटकली. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच. त्या दिवसांत मी बांधावर उभा राहून त्या शेतांकडे बघायचो, आणि मला आनंद व्हायला हवा होता, पण होत नव्हता.

कारण त्या वर्षी हिराबायनं कुणाच्याच शेतात पहिलं रोप लावलं नव्हतं. तिचे वाफे रिकामे होते. आणि पीक आलं होतं. गावाला आता आणखी पुराव्याची गरज नव्हती. पाटलांच्या भावजयीनं मला वांग्यांची टोपली आणून दिली आणि हसून सांगितलं, "बगा भाऊ, बायचा हात थांबवला नि सगला सुदरला." मी बटाट्याचं सांगायला तोंड उघडलं. घाटावरचा बटाटा, कँटीनची मोरी, तीन तलाव, कामोणी, ओढा. तिनं ते ऐकून घेतलं, एखादा म्हातारा आपली कहाणी सांगतो तसं.

काही वर्षांनी कारखाना बंद पडला, वसाहत रिकामी झाली, तलाव आटले. मी पनवेललाच राहिलो. एकदा बाजारात भाजी घ्यायला गेलो तर रस्त्याच्या कडेला गोणपाटावर हिराबाय बसलेली. वाशीहून घाऊक माल आणून विकत होती. केस पांढरे झाले होते. मला बघून तिला खरंच आनंद झाला. घरच्यांची चौकशी केली, मुलीचं कसं चाललंय विचारलं. माझा जावई बँकेत आहे म्हटल्यावर म्हणाली, बरं झालं, भाऊ.

मी तिथंच उकिडवा बसलो आणि पुन्हा एकदा सगळं सांगितलं. या वेळी शांतपणे, अगदी हुसेनचाचाच्या खड्ड्यापर्यंत. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं झाल्यावर ती म्हणाली, "तुमी माज्यासाठी लय केला, भाऊ. मना म्हाईत हाय. पन मी हात लावला तवा मेला, नि हात काडला तवा जगला. ता मी माज्या डोल्यांनी बगितला."

मी म्हटलं, वांगी दे पाव किलो.

समोर वांग्यांचा ढीग होता, जांभळी, ताजी. तिनं तराजू उचलला आणि दोरी धरून बसली. मी वाट बघत राहिलो. शेजारची बाई मला म्हणाली, ती मालाला हात लावत नाय, तुमीच घ्या. मग वांगी मी निवडली, पारड्यात मी टाकली आणि पिशवीतही मीच भरली.